डी-आठचा गोवर

कळवणच्या पुढे, सुरगाण्याच्या हद्दीला टेकलेल्या एका पाड्यावर मी नुकताच जाऊन आलो. तिथे पाहण्यासारखं काही नाही, असं आमच्या सोसायटीचे अध्यक्ष साबळे साहेब सगळ्यांना सांगतात. ते माझ्याबरोबरच होते. त्यांनी जे पाहायचं टाळलं ते मला आपोआप पाहायला मिळालं, म्हणून हे लिहितो आहे.

लोक देवदर्शनाला जातात, हवा बदलायला जातात, लग्नाला जातात. आम्ही एका विषाणूचं मूळ गाव बघायला गेलो होतो.

आमची सोसायटी नाशकात, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे. ए, बी, सी, डी अशा चार विंग. ए विंगचे फ्लॅट मोठे, त्यामुळे अध्यक्ष नेहमी तिथलाच असतो. मी बी-३ मध्ये राहतो. एका विमा कंपनीत हिशेब तपासण्यात माझी पंचवीस वर्षं गेली, म्हणून खजिनदारपद माझ्या गळ्यात आहे. बेरीज चुकली की मला रात्री झोप लागत नाही. बाकी काहीही चुकलं तरी सोसायटीत सगळ्यांना छान झोप लागते.

संक्रांतीनंतर सोसायटीतल्या चार मुलांना ताप आला, डोळे लाल झाले, अंगावर पुरळ आलं. तीन मुलं ए विंगची, एक सी विंगचं. पहिले काही दिवस ती सगळ्यांच्या मते चायनीजची अ‍ॅलर्जी होती. गोवर हा शब्द ए विंगला परवडत नव्हता. मग सरकारी दवाखान्याची माणसं येऊन मुलांच्या घशातले नमुने घेऊन गेली, आणि गोवर आहे म्हटल्यावर तो कुणी आणला याचा शोध सुरू झाला. चार मुलांपैकी किती जणांची लस पूर्ण झाली होती हे मी विचारलं. तो विषय नंतर घेऊ, असं ठरलं. तो अजून घ्यायचा आहे.

साबळे साहेबांच्या भाच्याने कुठल्याशा कार्यालयातून एक ओळ त्यांना मोबाइलवर पाठवली: ‘गोवर, नाशिक जिल्हा, डी-८.’

साहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “घ्या. फ्लॅट नंबरसकट आलं.”

आमच्या डी-८ मध्ये सोमनाथ भोये राहतात. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर आहेत. बायको संगीता, आणि चार वर्षांची मुलगी आर्या. घर भाड्याचं, मालक पुण्याला. गाव कळवणच्या पलीकडचा हा पाडा, आणि संक्रांतीला ते गावी जाऊन आले होते. एवढा पुरावा आमच्या समितीला पुरेसा झाला.

मी म्हटलं, प्रयोगशाळेला आपले फ्लॅट नंबर कसे कळतील. साहेब माझ्याकडे कीव करून पाहत म्हणाले, “आता सगळं आधारला लिंक असतं, खैरनार.” मी म्हटलं, भोयेंच्या आर्याला तर गोवर झालेलाच नाही. यावर ए विंगमधल्या एका वहिनींनी सांगितलं की तेच तर संशयास्पद आहे.

त्या दिवसापासून आर्या बागेत आली की बाकीच्या मुलांना घरातून हाका यायला लागल्या. लिफ्टमध्ये फवारणी सुरू झाली, फक्त डी विंगच्या. होळी जवळ आल्यावर भोये बायको-मुलीला घेऊन गावी गेले. मागे समितीने घरमालकाला फोन लावला. मालक म्हणाला, तुम्ही रविवारी ठराव करा, मी त्यांना महिन्याभरात घर सोडायला सांगतो. मात्र कुणी अन्याय झाला म्हणू नये म्हणून साहेबांनी आधी ‘स्थळपाहणी’ करायचं ठरवलं. रोगाचं उगमस्थान स्वतः पाहून अहवाल द्यायचा. अहवालावर माझी सही हवी होती, कारण माझ्या सहीवर सोसायटीत कुणी शंका घेत नाही. शनिवारी दुपारी त्यांच्या गाडीतून आम्ही निघालो.

दिंडोरी ते कळवण

दिंडोरीच्या पुढे द्राक्षांची काढणी जोरात होती. बागेच्या कडेला क्रेट रचलेले, आणि सावलीत सुरगाणा-पेठेकडच्या मजुरांच्या टोळ्या भाकरी खात बसलेल्या. साहेबांनी काच थोडी खाली करून मला दाखवलं: हे लोक असे गावोगाव फिरतात म्हणून रोग फिरतो. मी विचारलं, तुमची नातवंडं नाताळात परदेशातून आली होती ना? ते म्हणाले, ती विमानाने आली होती. विमानाने फिरलं की तो प्रवास असतो. ट्रॅक्टरने फिरलं की तो प्रादुर्भाव असतो. हे मला पंचवीस वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

वणी मागे टाकून नांदुरीला पोहोचलो. इथून देवीच्या गडाची वाट फुटते. साहेबांनी गाडीतूनच देवीला हात जोडले, आणि पुढच्या वळणावर मला सांगितलं की खेड्यातले लोक अजून गोवराला देवी म्हणतात, बघा किती मागास. सोसायटीच्या लिफ्टला कापराच्या पुड्या आणि लिंबू-मिरची त्यांनीच बांधली आहे. पण ते आरोग्य खात्यावर विश्वास नसल्यामुळे, श्रद्धा असल्यामुळे नव्हे, असा त्यांचा खुलासा आहे.

कळवणात शिरायला संध्याकाळ झाली. कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे आमची गाडी बैलगाडीच्या वेगाने गावात आली. जेवायला एका खानावळीत शेवभाजी आणि बाजरीची भाकरी मिळाली. शेवभाजीचा तवंग पाहून साहेबांनी खिशातून सॅनिटायझर काढून चमच्याला लावलं. मी हाताने जेवलो आणि मला काही झालं नाही. मुक्काम बसस्थानकाच्या मागच्या एका लॉजवर. मी सवयीने गादी उलटून पाहिली आणि सतरंजी घेऊन जमिनीवर झोपलो. साहेबांना गादीशिवाय झोप येत नाही. ते गादीवर झोपले.

पाडा

रविवारी सकाळी अभोण्याच्या अलीकडे साहेबांनी गाडी एकदम रस्त्याच्या कडेला घेतली. शर्टाची बाही वर करून त्यांनी मला हात दाखवला. कोपरापासून खांद्यापर्यंत लाल पुरळ. मानेवरही होतं.

“खैरनार,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे सोसायटीत कुणाला बोलायचं नाही.”

का, असं मी विचारलं. त्यांनी बाही खाली करून मनगटाचं बटण लावलं. मी त्यांना विचारलं की लहानपणी गोवर झाला होता का. ते म्हणाले, आमच्या घरात असलं काही कधी झालं नाही. मग लस? त्या काळात कुठली लस, असं म्हणाले. पुढचा सगळा रस्ता ते दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून ताप पाहत होते.

पाडा चढावर आहे. तीस-बत्तीस घरं, कुडाच्या भिंती शेणाने सारवलेल्या, काही पक्की. मोहाची झाडं होती, आणि त्यांच्याखाली फुलं वेचून वाळत घातलेली. तो वास गाडीच्या बंद काचेतूनही आत आला. पहिल्या ओळीतल्या एका घराच्या दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले होते. म्हणजे आत आजारी मूल आहे, बाहेरच्याने यायचं नाही. ही पाटी वाचायला साक्षर असावं लागत नाही. आमच्या सोसायटीत चार घरांत गोवर होता तेव्हा एकाही दारावर काही नव्हतं, आणि त्यातलं एक मूल ताप उतरायच्या आत वाढदिवसाला खालच्या हॉलमध्ये नाचून गेलं होतं.

भोयेंचं घर डहाळ्याच्या घराला लागून. सोमनाथ आम्हाला बघून गांगरले. त्यांच्या आई, लक्ष्मीबाई, सरळ पुढे आल्या आणि त्यांनी अंगणातल्या मांडवाकडे बोट केलं.

“इथंच बसा दादा. शेजारी लेकराच्या अंगावर देवी हाय. तुमी शहराकडनं आला, घरात नाय घेत आमी कुणाला. राग नका धरू.”

साबळे साहेबांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी शहराकडचे म्हणून बाहेर बसवलं होतं. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ‘पाहण्यासारखं काही नाही’ यात ते हेही धरत असावेत. पण बाहेर बसवणं म्हणजे काय हे मला तिथे कळलं. लगेच बाज आली, त्यावर गोधडी आली, पाणी आलं. आत घेत नव्हत्या, पण जवळ बसून बोलत होत्या. आमच्याकडे उलटं असतं. आम्ही सगळ्यांना आत घेतो आणि मग बोलणं बंद करतो.

जेवायला नागलीची भाकरी, नुसती उकडलेली उडदाची डाळ आणि खुरासणीची चटणी होती. शेजारच्या घरात देवी असेपर्यंत त्या ओळीत कुणी फोडणी देत नाही. वास आणि धूर लेकराला सोसत नाही म्हणून. साहेबांच्या मनात गावठी कोंबडी होती हे मला रस्त्यातच कळलं होतं. ते दोन घास खाऊन थांबले आणि सारखे मान खाजवत राहिले.

संगीता भाकरी वाढत होती, पण आमच्याकडे बघत नव्हती. आम्ही कशाला आलो हे तिला ठाऊक होतं, घरमालकाने तिच्या नवऱ्याला आधीच फोन केला होता. साहेबांनी घसा साफ करून आर्याला जवळ बोलावलं. पाहुण्याने लहान मुलाला विचारायचं म्हणून विचारलं, कुठे राहतेस बाळा?

आर्याने हात मागे बांधले आणि एका दमात म्हणून दाखवलं, “डी आठ, दुसरा मजला, पाथर्डी फाटा, नाशिक.”

मग संगीता पहिल्यांदा बोलली. येत्या जूनपासून आर्याची शाळा सुरू होणार, नाव घातलंय, म्हणाली, घराच्या मागच्याच शाळेत. हरवली तर सांगता यावा म्हणून पत्ता पाठ करून घ्यायला महिना लागला. “आता घर सोडा म्हणता, तर हिला कुठला पत्ता शिकवू तेवढं सांगा.”

साहेब म्हणाले, हा सोसायटीच्या नियमांचा प्रश्न आहे. पण ते बटण लावलेल्या मनगटाकडे बघत म्हणाले.

पाड्याच्या शाळेत त्या दिवशी लसीकरण होतं. साहेबांना माझ्या देखत डॉक्टरांकडे जायचं नव्हतं, आणि एकट्याने जायची भीती वाटत होती. शेवटी मी त्यांना घेऊन गेलो. तिथल्या वैद्यकीय अधिकारी म्हणजे डॉ. अहिरे मॅडम. आवाज घोगरा, चेहरा दोन रात्री न झोपल्याचा. साहेबांनी दार लावून घेतलं, बाही वर केली आणि विचारलं, हा इथलाच गोवर आहे का?

त्यांनी एकदा हात पाहिला, एकदा मान पाहिली.

“काल कुठे झोपलात?”

“कळवणला. लॉजवर.”

“ढेकूण आहेत. रांगेत चावतात, बघा ही ओळ. पुढच्या वेळी गादी उलटून बघत जा.”

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मोहाची झाडं होती.

साहेबांचा ताप तिथल्या तिथे उतरला आणि अध्यक्षपद परत चढलं. ते म्हणाले, आम्ही डी-८ बद्दल अधिकृत माहिती घ्यायला आलोय. डॉक्टर मॅडम हातातली सिरिंज खाली ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. संगीता होळीला आली तेव्हा मॅडमना भेटून रडली होती, त्यामुळे सगळी कथा त्यांना ठाऊक होती. तरी ती खरी असेल यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता.

“म्हणजे खरंच तुम्हाला तो फ्लॅट नंबर वाटला?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत मांडतो, कारण ते आकड्यांचं आहे आणि मला ते फार आवडलं. गोवराच्या विषाणूची सगळी जनुकीय माहिती जवळपास सोळा हजार अक्षरांची असते. एकाकडून दुसऱ्याकडे जाताना, नक्कल करताना, एखादं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या नकलेत तशीच जाते. प्रयोगशाळेत त्यातला साडेचारशे अक्षरांचा एक ठरलेला तुकडा वाचतात आणि चुका जुळवून बघतात. हिशेब तपासणारा माणूस हे लगेच समजू शकतो: दोन शाखांच्या पत्रकांत एकाच जागी एकच चूक सापडली की कुणीतरी कुणाचं तरी उतरवून घेतलेलं असतं. अशा चुकांवरून गोवराच्या चोवीस कुळ्या पाडल्या आहेत, आणि त्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं आणि आकडे दिले आहेत. बऱ्याच कुळ्या आता कुठे दिसत नाहीत. आपल्याकडे हल्ली डी-८ आणि बी-३ याच भेटतात.

मी विचारलं, मग डी-८ म्हटल्यावर कुणाचा कुणाला लागला ते कळतं का?

“डी-८ हे आडनाव समजा,” मॅडम म्हणाल्या. “कळवण तालुक्यात पवार किती आहेत? एका पवाराने चोरी केली तर सगळ्या पवारांना धराल? आडनाव सारखं म्हणून घर एक होत नाही. हां, आडनावंच वेगळी निघाली तर मात्र घर वेगळं, एवढं नक्की सांगता येतं.”

आणि आडनावं वेगळी निघाली होती. ती डी-८ ची ओळ या पाड्यावरच्या नमुन्यांची होती. आमच्या सोसायटीतल्या मुलांचे नमुने नंतर गेले होते. संगीताने सांगितल्यावर मॅडमनी जिल्ह्याला फोन करून त्यांचा निकाल विचारला होता. तो बी-३ आला होता. पाड्यावरचा गोवर आमच्याकडे आला नव्हता, आणि आमचा इकडे गेला नव्हता. भोये कुटुंब दोन गोवरांच्या मधून ये-जा करत होतं आणि आर्याला दोन्हीपैकी एकही लागला नाही, कारण तिचे दोन्ही डोस वेळेवर झाले होते. कुळी कुठलीही असली तरी लस तीच चालते, असं मॅडम म्हणाल्या. लसीतला विषाणू स्वतः ए कुळीचा आहे.

साहेबांनी मान वर केली. “मी ए विंगलाच राहतो.”

“छान. ती कुळी आता बाहेर कुठे फिरताना दिसत नाही,” मॅडम म्हणाल्या, “फक्त बाटलीत सापडते.”

साहेबांची संध्याकाळची सवय मॅडमना माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. पण साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना सांगितलं होतं.

परत

निघताना लक्ष्मीबाईंनी साहेबांच्या हातावर लावायला कडुनिंबाचा पाला वाटून दिला. ढेकणाला पण चालतो, साहेबांची मान बघूनच म्हणाल्या. ज्यांना बाहेर काढायला आलो त्यांच्या अंगणात बसून साहेबांनी तो मुकाट्याने लावून घेतला. त्यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं की त्यांनी आभार मानले.

नांदुरीचा घाट उतरताना साहेब वाळलेला पाला हातावरून झाडत होते. मग एकदम म्हणाले, “बी-३ म्हणजे तुम्हीच ना?”

मी त्यांना पवारांचं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, ते मला कळलं, पण लोकांना कसं समजावणार?

बी-३ आला कुठून, याचा विचार मीही केला. नाताळात कुणाकडे कुठून कोण आलं होतं ते मला माहीत आहे, कुणाच्या नातवंडांची लस राहिली होती तेही कळलं आहे. पण साडेचारशे अक्षरांवरून घर सांगता येत नाही हे मी त्याच दिवशी शिकलो होतो. जे भोयेंच्या बाबतीत चालणार नव्हतं ते साबळ्यांच्या बाबतीतही चालवणार नाही, म्हणून मी गप्प बसलो. हे गप्प बसणं फार जड गेलं.

संध्याकाळी सभा भरली. मी उभा राहिलो आणि सांगितलं: स्थळपाहणी झाली, आपल्या सोसायटीतला गोवर डी-८ नाही, बी-३ आहे. मागच्या ठरलेल्या न्यायाने मी आणि माझं कुटुंब महिन्याभरात घर सोडायला तयार आहोत, तसा ठराव मांडावा.

सगळा हॉल हसला. हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या वहिनींना आर्याला गोवर न होणं संशयास्पद वाटलं होतं, त्या पदर सावरत म्हणाल्या, “अहो भाऊ, ते विषाणूचं नाव आहे. फ्लॅटचा काय संबंध?”

मी म्हटलं, बरोबर आहे. डी-८ च्या वेळी हे कुणाला सुचलं नव्हतं.

मग हसणं थांबलं. जे हसले होते ते आता पंख्याकडे बघत होते. साहेबांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला होता. त्यांनी घाईने जाहीर केलं की भोयेंविषयीचा विषय मागे घेण्यात येत आहे आणि घरमालकाला तसं आजच कळवू. माफीचा शब्द मी सुचवला. तो शब्द कार्यक्रमपत्रिकेवर नसल्यामुळे घेता आला नाही. त्याऐवजी असा ठराव झाला, आणि एकमताने झाला, की पुढे असा गैरसमज होऊ नये म्हणून डी विंगच्या त्या फ्लॅटचा आकडा बदलावा. डी-८ ऐवजी डी-७ अ. नवी पाटी सोसायटीच्या खर्चाने. मी विचारलं, मग बी-३ चाही बदलायचा का? उत्तर मिळालं की त्याची गरज नाही, तिथे गैरसमज झालाच नव्हता.

होळी आटोपून भोये परत आले. नवी पाटी, स्क्रूसकट, वॉचमनने त्यांच्या हातात दिली. ती अजून त्यांच्या चपलांच्या मांडणीवर पालथी पडली आहे. साहेबांनी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा मला पाठवलं. सोमनाथ कामावर होते, दार संगीताने उघडलं.

“फिटरच्या घरात पाटी लावायला वेळ मिळेना का, असं अध्यक्ष विचारतात,” मी निरोप सांगितला.

तिने आत वळून हाक मारली. आर्या दप्तर घेऊनच बाहेर आली. शाळेला अजून अडीच महिने होते, पण ती ते घरातही पाठीवर घेऊन फिरते.

“काकांना सांग, कुठं राहतेस.”

“डी आठ,” आर्या म्हणाली.

“आता तुम्हीच शिकवा तिला नवीन,” संगीता म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

मी चहा घेतला आणि खाली जाऊन साहेबांना कळवलं की पाटी बसत नाही, भोकं जुळत नाहीत.